खंडग्रास ग्रहण आणि ४० मिमीची सौर दुर्बीण: ४८ दिवसांच्या कामाच्या नोंदी

ग्रहणाला ४८ दिवस

गणित असं आहे. ग्रासमान ०.६, म्हणजे मध्याच्या वेळी सूर्याचा साठ टक्के व्यास झाकला जाणार. क्षेत्रफळ मात्र निम्मंच. या दोन आकड्यांची गल्लत मी मागच्या ग्रहणात केली होती आणि सगळ्यांना "साठ टक्के सूर्य जाणार" असं सांगत सुटले होते. स्पर्शापासून (चंद्र सूर्याच्या कडेला टेकतो तो क्षण) मोक्षापर्यंत (तो पूर्ण सुटतो तो क्षण) २ तास २० मिनिटं.

या वेळी मला एकच गोष्ट हवी आहे. चंद्रकोरीसारख्या सूर्याचे फोटो भरपूर मिळतात, त्यासाठी हा खटाटोप नाही. एच-अल्फा दुर्बिणीतून, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाशच आत सोडणाऱ्या दुर्बिणीतून, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला दिसतात, आणि चंद्र सूर्याच्या तबकडीला टेकण्याआधी त्या ज्वाला झाकायला लागतो. म्हणजे स्पर्शाच्या आधी, बाकी कुणालाही काही दिसत नसताना, चंद्र पकडता येतो. तो मला पकडायचा आहे.

ग्रहण नसताना ज्वाला दिसतात याचं मूळही ग्रहणातच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला पिएर जान्सेनना वर्णपटात ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की त्यांनी दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावर त्या पुन्हा शोधल्या आणि त्या सापडल्या. माझी छोटी दुर्बीण त्यांतल्या हायड्रोजनच्या लाल रेषेवर, ६५६.२८ नॅनोमीटरवर, चालते.

सामान: ४० मिमी व्यासाची, ४०० मिमी नाभीय अंतराची एच-अल्फा दुर्बीण (सेकंडहँड), ५.८६ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कॅमेरा, जुना विषुववृत्तीय माउंट (मोटरने आकाशाच्या गतीने फिरणारी बैठक), लॅपटॉप. सोबत भाचीसाठी ८० मिमीची साधी दुर्बीण, पुढे सोलर फिल्म लावून.

ग्रहणाला ४४ दिवस

पहिलाच दिवस वाया. चित्र अंधुक, कडेवर काहीच नाही. ट्यूनिंग रिंग (फिल्टर नेमक्या लाल रेषेवर आणणारी कडी) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, तासभर. दोष ट्यूनिंगमध्ये नव्हताच. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरशाचा भाग, त्यातच ब्लॉकिंग फिल्टर असतो) काढून टॉर्चच्या उजेडात तिरका धरला, तर ब्लॉकिंग फिल्टरच्या काचेवर धुरकट थर दिसला. पुसून जाईल असं वाटलं. गेला नाही, काचच खराब झाली होती.

सेकंडहँड सौर दुर्बीण घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी ही तपासणी करावी. हा फिल्टर डोळ्याच्या संरक्षणाचा भाग आहे, त्यामुळे बिघडलेला दिसला की त्यातून बघणं त्याच क्षणी थांबवायचं. "थोडंसंच धुरकट आहे" म्हणून चालवून घ्यायचं नाही. नवा फिल्टर मागवला. या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि दुर्बीण घेताना दोन मिनिटं नीट पाहिलं असतं तर तो किमतीतून वजा करून घेता आला असता.

ग्रहणाला ३७ दिवस

फिल्टरची वाट बघताना भाचीच्या दुर्बिणीचं काम उरकलं. सोलर फिल्म प्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग आत सोडते. प्रखर दिव्यासमोर धरून सुईएवढी छिद्रं शोधली. एका कोपऱ्यात एक निघालं, तो भाग कापून टाकला. पुठ्ठ्याची चौकट तीन बाजूंनी टेपने नळीला बांधली, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही. शोधक दुर्बीण काढूनच ठेवली, कारण तिच्यातून चुकून कुणी डोकावलं तर संपलं. आयपीसला मागून लावायचे जुने गडद फिल्टर उन्हात तडकतात. डब्यात एक सापडला, तो फोडून फेकला. ग्रहणाचे कागदी चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी असतात, ते घालून दुर्बिणीतून बघायचं नसतं, हे भाचीकडून तीनदा वदवून घेतलं.

ग्रहणाला ३१ दिवस

नवा फिल्टर आला. ज्वाला दिसल्या! पूर्व कडेवर एक छोटं झुडूप आणि तबकडीवर दोन काळे तंतू (तबकडीसमोर आलेल्या ज्वालाच, पण काळ्या दिसतात).

मग कॅमेरा लावला आणि फोकसच येईना. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर अजून दहा-बारा मिलिमीटर पुढे हवा होता. २ पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावल्यावर फोकस आला, पण सूर्याची प्रतिमा ७.४ मिमीची झाली आणि सेन्सरची छोटी बाजू ७.१ मिमी. म्हणजे सूर्य मावेना. तो बार्लो मी याच कामासाठी घेतला होता. आधी गुणाकार केला असता तर घेतला नसता. (सूर्याच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे नाभीय अंतर भागिले साधारण १०७. कागदावर एका ओळीचं काम.)

उपाय निघाला तो असा: बार्लोच्या नळीतून फक्त भिंगाची कडी उघडून कॅमेऱ्याच्या नाकाला थेट लावली. भिंग सेन्सरच्या जवळ आलं की वाढ कमी होते. मोजली तर साधारण १.४ पट. प्रतिमा ५.२ मिमी, वर-खाली जवळपास एकेक मिलिमीटर मोकळा आणि फोकसही आला. बार्लो अगदीच वाया गेला नाही.

ग्रहणाला २९ दिवस

चित्रभर समांतर पट्टे, लाकडाच्या रेषांसारखे. न्यूटनची वलयं. एकाच तरंगलांबीचा प्रकाश सेन्सर आणि त्याच्यावरच्या काचेच्या मध्ये उड्या मारतो, त्याचा परिणाम. कॅमेरा खराब आहे असं समजून मी अर्धी संध्याकाळ केबल बदलण्यात घालवली. कॅमेऱ्यासमोर टिल्ट अ‍ॅडाप्टर लावून सेन्सर किंचित तिरका केला आणि पट्टे गेले. जास्त तिरका केला तर एका बाजूचा फोकस जातो, म्हणून पट्टे दिसेनासे होतील एवढंच वळवून स्क्रू घट्ट केले.

ग्रहणाला २४ दिवस

माउंटचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे लावावा लागतो. दिवसा ध्रुवतारा नसतो, आणि रात्री माझ्या जागेवरून उत्तरेला भिंत येते. होकायंत्राने दिशा घेतली तर तिपाईच्या लोखंडामुळे सुई दर वेळी वेगळं सांगायची. शेवटी ओळंबा टांगला. सूर्य मध्यान्हवृत्तावर, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात उंच जागी, असताना ओळंब्याच्या दोरीची सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते, खडूने ती रेष आखून घ्यायची.

यातही पहिल्या दिवशी चूक केली: घड्याळात बारा वाजता रेष आखली. घड्याळाचे बारा आणि सूर्याचा माथा यांत रेखांशामुळे फरक पडतो, शिवाय वर्षभरात तो आणखी सुमारे पंधरा मिनिटं इकडे-तिकडे सरकतो. दुसऱ्या दिवशी आपल्या जागेची मध्यान्हवेळ काढून पुन्हा आखली. दोन रेषांमधला कोन बघून धक्का बसला. तिपाईच्या तिन्ही पायांखाली रंगाने खुणा केल्या आहेत.

ग्रहणाला २२ दिवस

अडीच तासांची मागोवा चाचणी. सूर्य सावकाश एका बाजूला सरकत राहिला आणि शेवटी चौकटीला टेकला. ध्रुवीय जुळणीवर शंका घेऊन ती पुन्हा केली, तरी तेच. मग हँडसेटवर लक्ष गेलं: माउंट ताऱ्यांच्या गतीने चालत होता, सूर्याच्या नाही. ताऱ्यांच्या तुलनेत सूर्य दिवसाला जवळपास एक अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे तासाला अडीच कलांच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ग्रहणाच्या सगळ्या काळात पावणेसहा कला, आणि माझ्या चौकटीत सूर्याच्या बाजूला मोकळी जागा नेमकी तेवढीच. गती "सूर्य" वर केली, प्रश्न मिटला. अख्खी दुपार एका बटणापायी गेली.

ग्रहणाला १७ दिवस

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

ज्वाला झाकताना चंद्र पकडायचा तर तो सूर्याच्या कडेला नेमका कुठे टेकणार हे चौकटीत माहीत हवं. मी अ‍ॅपमधून कोन घेतला, पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवला, त्यावर वर्तुळ आखून खूण केली. फार समाधान वाटलं.

संध्याकाळी सहज मनात आलं, चंद्र येतो कुठून? आकाशात चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सूर्याला गाठतो. म्हणजे तो सूर्याच्या पश्चिम कडेलाच आधी लागणार. आणि माझी खूण पूर्वेला होती.

एकावर एक दोन चुका होत्या. पहिली: अ‍ॅप दोन कोन देतं. एक खगोलीय उत्तरेपासून मोजलेला, दुसरा डोक्यावरच्या बिंदूपासून. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला दुसरा उपयोगाचा. विषुववृत्तीय माउंटवर उत्तर वर धरून लावलेल्या कॅमेऱ्याला पहिला. मी दुसरा घेतला होता. दुसरी चूक: डायगोनलमध्ये एक आरसा आहे, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं आणि कोन उलट्या दिशेने मोजावा लागतो.

हे सगळं डोक्यात धरायची गरज नाही, दुर्बीणच सांगते. माउंटची मोटर बंद करा. सूर्य चौकटीतून सरकायला लागेल आणि जी कड आधी बाहेर जाईल ती पश्चिम. मोटर चालू करून नळी उत्तर ध्रुवाच्या बाजूला थोडी ढकला. आता जी कड बाहेर जाईल ती दक्षिण. आरसे एक असोत की तीन, हे कधी चुकत नाही. दोन दिशा कळल्या की उत्तरेकडून पूर्वेकडे कोन मोजत जायचं. नव्या कागदावर नवी खूण केली. जुना कागद भिंतीवर तसाच लावून ठेवला आहे.

ग्रहणाला १२ दिवस

रंगीत तालीम, ग्रहणाच्याच वेळेत, सगळ्या सामानासह.

माउंटला पॉवरबँकेवर चालवलं. माउंट इतकी कमी वीज ओढतो, की पॉवरबँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःहून बंद होते. चाळीस मिनिटांत दोनदा. बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीवर आले.

लॅपटॉपच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना. मोठं खोकं आडवं ठेवून आतून काळा कागद लावला, वर काळं कापड घेतलं. वीस मिनिटांनी लॅपटॉपच तापून मंदावला. खोक्याला मागून खिडकी कापली.

डेटा: दर मिनिटाला ३०० फ्रेम, १६ बिट. एक क्लिप १.४ जीबी, १४० क्लिप, म्हणजे १९६ जीबी. एवढी जागा नाही. दर दोन मिनिटांनी एक क्लिप ठरवली, ९८ जीबी.

एक क्लिप तीन सेकंदांपेक्षा लांब नको. सूर्याच्या तुलनेत चंद्र सेकंदाला साधारण ०.४ विकला सरकतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). माझा एक पिक्सेल २.१६ विकलांचा. दहा सेकंदांची क्लिप घेतली तर चंद्राची कड दोन पिक्सेल पसरते आणि ती धारदार येत नाही.

आणि जमीन. फरशीवर तापलेल्या हवेने सूर्याची कड उकळत होती. दुर्बीण गवतावर नेली, तिथेच पुन्हा रेष आखली, पुन्हा खुणा.

ग्रहणाला ९ दिवस

भाचीला एक्सपोजर शिकवताना मलाच एक गोष्ट पक्की झाली. सूर्य अर्धा झाकला तरी उरलेल्या भागाचा पृष्ठभाग तेवढाच तेजस्वी राहतो. म्हणून एक्सपोजर बदलायचं नाही. ऑटोवर ठेवलं तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो एक्सपोजर वाढवत नेतो आणि कोर पांढरीफटक होते. पुठ्ठ्याचा गोल तुकडा धरून दुर्बिणीचं अर्धं तोंड झाकून हे दाखवायला गेले, पण त्याने सूर्य अर्धा होत नाही, पूर्ण चित्र मंद होतं, चुकीचा प्रयोग. मग सूर्यच चौकटीतून अर्धा बाहेर काढला, तेव्हा ऑटोने लगेच उडी मारली.

ठरलेले आकडे: तबकडीसाठी ४ मिलिसेकंद, ज्वालांसाठी ४०. गेन (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्हींना सारखा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खोक्याच्या आत चिकटवले.

ग्रहणाला ५ दिवस

धूळ. सेन्सरवर तीन काळी कडी. फुंकणीने दोन गेली. उरलेल्या कडीसाठी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरी प्लास्टिक पिशवी ताणून फ्लॅट फ्रेम घेतल्या, म्हणजे सारख्या उजेडाची चित्रं, ज्यांवरून धुळीचे डाग नंतर वजा करता येतात. ग्रहणाच्या दिवशीही स्पर्शाच्या आधीच घ्यायच्या, कॅमेरा नंतर वळवायचा नाही.

ग्रहणाला १ दिवस

पश्चिम कडेवर कुंपणासारखी एक लहान ज्वाला, उंची सुमारे २५ विकला. माझ्या खुणेपासून जेमतेम ५ अंशांवर! ज्वाला रात्रीतून विरतातही, आणि सूर्याच्या फिरण्याने पश्चिमेच्या ज्वाला मागे जातात. तरी हिशोब केला. स्पर्शबिंदूपासून ५ अंशांवर स्पर्शाच्या क्षणी चंद्राची कड सूर्याच्या कडेपासून साधारण ७ विकला वर असते. उरल्या १८ विकला. चंद्र कडेकडे सेकंदाला ०.३७ विकला या वेगाने येणार. म्हणजे ज्वालेचं टोक स्पर्शाच्या ४८ ते ५० सेकंद आधी कापलं जायला हवं.

झोप लागली नाही.

ग्रहणाचा दिवस

स्पर्शाआधी १ तास ४० मिनिटं. सगळं खुणांवर उभं. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलं. दुर्बीण उन्हात ठेवली. एटलॉनला (नेमकी लाल रेषा निवडणारा मुख्य फिल्टर) तापमान धरायला वेळ लागतो.

स्पर्शाआधी ३० मिनिटं. ज्वाला आहे. कालपेक्षा किंचित ठेंगणी. ट्यूनिंग पुन्हा केलं, सकाळची जागा आता बरोबर नव्हती.

स्पर्शाआधी ५ मिनिटं. ४० मिलिसेकंद, सलग रेकॉर्डिंग सुरू, ८ बिट, सेकंदाला २५ फ्रेम. तबकडी पूर्ण पांढरी, कडेवर ज्वाला.

स्पर्शाआधी एक मिनिट. पडद्याला नाक लावून बसले होते. काहीच नाही. मग कुंपणाचं वरचं टोक बोथट झालं. हवेच्या थरथरीमुळे आधी खात्री होईना. पुढच्या दहा सेकंदांत ते सरळ कापलं गेलं, वरून खाली, कात्रीने कापल्यासारखं. आकाशात काही नाही, तबकडी अखंड गोल, आणि तिथे चंद्र आहे.

"मावशी, लागलं का?"

"चंद्र आलाय, पण तुला अजून दिसायचा नाही. बघत राहा."

तिने "लागलं!" म्हणून हाक दिली ती गणितातल्या स्पर्शवेळेनंतर १९ सेकंदांनी. पांढऱ्या प्रकाशात कडेला पडलेली खाच दिसण्याएवढी मोठी व्हायला एवढा वेळ जातोच.

स्पर्शानंतर २ ते १३ मिनिटं: वाया. आनंदाच्या भरात एक्सपोजर ४ वर आणायचं राहिलं. कागद डोळ्यांसमोर होता. सहा क्लिप पांढऱ्याफटक.

४१ मिनिटं. भाचीच्या दुर्बिणीत चंद्र एका सौरडागाला टेकला. तिने स्वतःहून ओळखलं, की डाग काळा नाहीच, चंद्र काळा आहे. डाग त्याच्या शेजारी तपकिरी-राखाडी दिसतो. डागाचा गाभा ४००० केल्विनच्या आसपास तापलेला असतो, भोवतालच्या ५८०० पुढे तो काळा भासतो एवढंच. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मध्य. ढग. चौदा मिनिटं. काही करण्यासारखं नव्हतं. फोकसर किंवा ट्यूनिंगला हात लावायचा मोह टाळला, फक्त सूर्य मधोमध ठेवण्यासाठी घड्याळ बघत माउंटवर विश्वास ठेवला. ढग सरले तेव्हा सूर्य चौकटीत जागेवर होता. ग्रहणाला २२ दिवस असतानाच्या त्या दुपारचं चीज झालं.

१ तास ५० मिनिटं. यूएसबी केबल ताणून सुटली, कॅमेरा बंद पडला. चार मिनिटं गेली. केबल माउंटला टेपने बांधायला हवी होती. तालमीत बांधली होती, आज विसरले.

मोक्ष. पूर्व कडेवर ज्वाला नव्हती, पण तबकडीच्या वर क्रोमोस्फिअरची (सूर्याच्या पृष्ठभागावरच्या पातळ लाल थराची) बारीक किनार होती. चंद्र सुटल्यावर ती शेवटी जोडली गेली, कॅमेऱ्यात मोक्षाच्या वेळेनंतर काही सेकंदांनी.

ग्रहणानंतर १ दिवस

क्लिप रचायला घेतल्या, म्हणजे एका क्लिपच्या फ्रेम एकावर एक जुळवून एक चित्र करायचं. ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये ग्रहांचा पर्याय ठेवला तर चित्र उड्या मारतं, कारण तो तेजाचा मध्य धरतो आणि कोरीचा मध्य सरकत असतो. पृष्ठभागाचा पर्याय घेऊन खुंटी एका तंतूवर ठोकली. जुळणीचे बिंदू चंद्राच्या कडेवर पडले की कड करवतीसारखी येते. ते सगळे बिंदू हाताने काढले, फक्त सूर्यावरचे ठेवले. एकेका क्लिपला वीस मिनिटं.

ग्रहणानंतर ४ दिवस

धार वाढवताना चंद्राच्या कडेला पांढरी झालर येते. चंद्राला वातावरण असल्यासारखी. ती खोटी आहे. अर्ध्यावर थांबवली, चित्र थोडं मऊ राहिलं तरी चालेल. चंद्राच्या कडेवरचे डोंगर दिसतील अशी आशा होती. ४० मिमीची दुर्बीण लाल प्रकाशात चार विकलांच्या खाली फोड करू शकत नाही आणि डोंगर बहुतेक त्याहून लहान. त्यासाठी मोठा व्यास हवा.

स्पर्शाआधीची सलग फिल्म सगळ्यात शेवटी उघडली. २५ फ्रेमचे गठ्ठे करून एका सेकंदाचं एक चित्र बनवलं. ज्वालेचं टोक पहिल्यांदा नक्की कापलेलं दिसतं ते गणितातल्या स्पर्शाच्या ४६ सेकंद आधी. हिशोब ४८ ते ५० चा होता, पण तो आदल्या दिवशीच्या उंचीवर. ज्वाला त्या दिवशी थोडी ठेंगणीच होती.

ते चित्र छापून ग्रहणाला १७ दिवस असतानाच्या चुकीच्या कागदाशेजारी लावलं आहे. भाचीने खाली पेन्सिलीने वेळ लिहिली आहे, सेकंदासकट.